अँजेलिका काउफमन आणि देवरूपातली मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँजेलिका काउफमन कोण होत्या?

अठराव्या शतकातल्या युरोपच्या नामवंत चित्रकार. जन्म ३० ऑक्टोबर १७४१, स्वित्झर्लंडमधल्या कूर गावी. वडील योहान योसेफ काउफमन हेही चित्रकार, मूळचे ऑस्ट्रियातल्या श्वार्त्सेनबेर्गचे. काम मिळेल तिथे बिऱ्हाड हलवायचं आणि मुलीला सोबत घेऊन शिकवायचं, असं त्यांचं चाललं होतं. १७५७ मध्ये आई गेल्यावर बापलेक श्वार्त्सेनबेर्गला परतले आणि तिथल्या चर्चच्या भिंतींवर या पोरसवदा मुलीने येशूच्या शिष्यांची चित्रं काढली. पुढे फ्लॉरेन्स आणि रोम. रोममध्ये १७६४ साली तिने विंकेलमान यांचं व्यक्तिचित्र केलं. ग्रीक कलेचा आदर्श युरोपच्या गळी उतरवणारा हा विद्वान. प्राचीन ग्रीक-रोमन कलेवर बेतलेली नवअभिजात शैली ती पुस्तकातून शिकली नाही, ही शैली जिथे घडत होती तिथेच ही मुलगी उभी होती.

१७६६ मध्ये लंडन. १७६८ मध्ये रॉयल अकादमी ही तिथली कलाकारांची संस्था स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत दोनच स्त्रिया होत्या, काउफमन आणि मेरी मोझर. त्यानंतर पूर्ण सदस्यत्व मिळवणारी पुढची स्त्री लॉरा नाइट, १९३६ साली. मधली वर्षं मोजून पाहा. १७८१ मध्ये व्हेनिसचे चित्रकार अंतोनिओ झुक्की यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी दोघं रोमला स्थायिक झाली. चित्रांवर सही मात्र शेवटपर्यंत माहेरच्याच नावाने. निधन रोममध्येच, ५ नोव्हेंबर १८०७.

‘देवरूपातलं मुलाचं चित्र’ म्हणजे नेमकं काय?

गोकुळाष्टमीला घरातल्या पोराला मोरपीस, बासरी आणि पितांबर देऊन बाळकृष्ण करतात, तसंच हे. चेहरा त्या मुलाचा, बाकी सगळं देवाचं. फरक एवढाच की कपडे बदलून भागत नाही. मानेखालचं शरीरही बहुतेक वेळा प्राचीन शिल्पावरून घेतलेलं असतं. म्हणून अशा चित्राचे तीन भाग वेगवेगळे पाहावेत: समोर बसवून काढलेलं डोकं, संगमरवरी पुतळ्यावरून आलेली बैठक, आणि देव ओळखू यावा म्हणून हातात दिलेली वस्तू. हे तीन तुकडे कुठे जोडलेत ते दिसायला लागलं की चित्र वाचता येतं.

पालक असं चित्र का काढून घेत?

त्या काळच्या अकादम्यांत विषयांची उतरंड होती. वर इतिहास-पुराणातले प्रसंग, त्याखाली व्यक्तिचित्र, मग निसर्ग, सगळ्यात शेवटी फळं-फुलं-भांडी. मुलाला क्युपिड केलं की चित्र एक पायरी वर चढे. ग्राहकाला घराण्याचा वारस मिळे, चित्रकाराला ‘मी नुसती चेहरे उतरवत नाही’ असं म्हणता येई. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं: अंगरखा आणि केसांची फॅशन दहा वर्षांत जुनी दिसते, रोमन कापडाचं तसं होत नाही.

देव कोणता ते कसं ओळखायचं?

पंख दिसले की लोक ‘क्युपिड’ म्हणून मोकळे होतात. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पंखांसोबत धनुष्य आणि बाणांचा भाता असेल तरच क्युपिड, म्हणजे प्रेमाचा देव. पेटती मशाल आणि फुलांची माळ असेल तर हायमेन, विवाहाचा देव. क्युपिडच्या हातीही कधी मशाल येते, तेव्हा भाता आहे का ते शोधावं. लॉरेलच्या पानांचा मुकुट किंवा तुतारी असेल तर तो कीर्तीचा किंवा कलेचा ‘जीनियस’, म्हणजे त्या गुणाचा रक्षक आत्मा. पाठीवर फुलपाखराचे पंख असतील तर सायकी, क्युपिडची प्रेयसी.

मुलींमध्ये हीबी फार आवडती. ही देवांना अमृत पाजणारी तारुण्याची देवता, तिच्याजवळ पेला किंवा सुरई आणि शेजारी ज्युपिटरचा गरुड. फुलांची परडी किंवा माळ असेल तर फुलांची देवता फ्लोरा. कपाळावर चंद्रकोर आणि जवळ शिकारी कुत्रा असेल तर शिकारीची देवता डायना. मुखवटा हाती असेल तर म्यूज, म्हणजे कलांच्या देवतांपैकी एक: हसरा मुखवटा सुखान्तिकेचा, रडका शोकान्तिकेचा. काउफमन यांनी १७९१ मध्ये दोमेनिका मोर्गेन आणि माद्दालेना व्होल्पातो यांना याच दोन म्यूज म्हणून रंगवलं. त्या मुली नव्हत्या, तरुण स्त्रिया होत्या, पण खुणांची भाषा तीच. डोक्यावर द्राक्षाची पानं आणि अंगावर बिबट्याचं कातडं म्हणजे मद्याचा देव बॅकस.

आणि काहीच खूण नसेल तर? मग तो देव नाही. साधा पांढरा झगा आणि कमरेला पट्टा ही नुसती ‘प्राचीन धाटणीची’ वेशभूषा आहे. बाथच्या होलबर्न संग्रहालयातलं हेन्रिएटा लॉरा पुल्टनी या मुलीचं चित्र (साधारण १७७७) यासाठी पाहावं. मुलगी उघड्यावर नाचऱ्या पावलांनी येते आहे, फुलं आहेत, पण संग्रहालय तिला तिच्या नावानेच ओळखतं. प्रत्येक फुलवालीला फ्लोरा करू नये.

मुलगा की मुलगी, हे कपड्यांवरून कळतं का?

नाही. अठराव्या शतकात लहान मुलगेही झगेच घालत. चार ते सात वर्षांच्या दरम्यान केव्हातरी त्यांना पहिली विजार मिळे. लांब केस, झगा आणि कमरेची फीत पाहून ‘मुलगी’ लिहिलेल्या कितीतरी नोंदी नंतर बदलाव्या लागल्या आहेत. देवाच्या लिंगावर भरवसा ठेवणं त्यापेक्षा बरं: क्युपिड आणि बॅकस मुलगे, हीबी आणि फ्लोरा मुली.

सगळ्यात अभ्यासण्याजोगं उदाहरण कोणतं?

हेन्रिक लुबोमिर्स्की. जन्म १७७७. पोलंडमधल्या धनाढ्य इझाबेला लुबोमिर्स्का यांना हा नात्यातला मुलगा इतका देखणा वाटला की त्यांनी त्याला आपल्याजवळ वाढवलं आणि युरोपभर सोबत फिरवलं. जिथे जातील तिथल्या नामवंत कलाकाराला त्या मुलापुढे बसवत. म्हणून एकच चेहरा तीन हातांतून गेलेला आपल्याला पाहायला मिळतो, आणि असा योग कलेच्या इतिहासात फार थोड्या वेळा येतो.

१७८६ मध्ये रोममध्ये काउफमन यांनी त्याला क्युपिड म्हणून रंगवलं. त्याच सुमारास कानोव्हा या शिल्पकाराकडे संगमरवरी क्युपिडचं काम दिलं गेलं, ते १७८८ पर्यंत पुरं झालं. हा पुतळा पोलंडमधल्या वान्त्सुत किल्ल्यात आहे. १७८९ मध्ये पॅरिसला एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ या फ्रेंच चित्रकर्तीने त्याला कीर्तीचा जीनियस केलं: पंख लावलेला, गुडघ्यावर टेकलेला, हातात लॉरेलचा मुकुट. हे चित्र बर्लिनच्या गेमेल्डेगालेरी या चित्रसंग्रहालयात आहे. तोवर मुलगा बारा वर्षांचा होत आला होता, आणि क्युपिडचं वय त्याच्या हातून निसटत होतं. कीर्तीचा जीनियस निवडण्यामागे हेही कारण असावं, असं चित्र पाहताना वाटतं.

गंमत कानोव्हाच्या पुतळ्यात आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं डोकं किशोरवयीन शरीरावर बसवलंय. पुढे इंग्रज ग्राहक जॉन कॅम्पबेल यांच्यासाठी कानोव्हाने तीच मूर्ती पुन्हा केली, फक्त लुबोमिर्स्कीचं डोकं काढून तिथे काल्पनिक, आदर्श डोकं बसवलं. ती प्रत इंग्लंडमध्ये अँग्लसी ॲबी या जुन्या वाड्यात आहे. देवरूपातलं मुलाचं चित्र कसं जुळवतात याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही: डोकं बदललं की व्यक्तिचित्राचा देव होतो, शरीराला हातही लावावा लागत नाही.

मोठेपणी या मुलाने ल्विव्हमधल्या ओस्सोलिन्स्की ग्रंथालयाशी १८२३ मध्ये करार करून लुबोमिर्स्की संग्रहालयाचा पाया घातला.

स्त्रियांना नग्न मॉडेलवरून शिकायला बंदी होती, म्हणून त्या मुलंच काढत असत का?

बंदी होती हे खरं. योहान झोफानी यांनी १७७१-७२ मध्ये अकादमीच्या सदस्यांचं समूहचित्र काढलं. त्यात पुरुष सदस्य नग्न मॉडेलभोवती जमले आहेत, आणि काउफमन व मोझर या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींतून दिसतात. संस्थापक असूनही खोलीत जागा नाही.

पण त्यावरून ‘म्हणून त्या मुलांकडे वळल्या’ हे अनुमान घाईचं आहे. काउफमन यांची मोठी महत्त्वाकांक्षा इतिहासचित्रांची होती, आणि पुरुष शरीराचा अभ्यास त्यांनी प्लास्टरचे साचे, प्राचीन मूर्ती आणि इतरांच्या रेखाटनांवरून केला. त्यांच्या पुरुष आकृती थोड्या मऊ, बिनहाडाच्या वाटतात, ही टीका त्यांच्या हयातीतही झाली आणि ती अगदीच चुकीची नाही. मुलांच्या बाबतीत मात्र हा तोटा उरत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर स्नायू उठून दिसतच नाहीत, आणि उघड्या मुलाला पाहून रंगवण्यात कोणाला गैर वाटत नसे. त्यामुळे त्यांची मुलं त्यांच्या वीरांपेक्षा खरी वाटतात. १७८५ चं ‘ग्राकसबंधूंची आई कॉर्नेलिया’ (रिचमंडचं व्हर्जिनिया ललितकला संग्रहालय) पाहा: चित्रात जीव आहे तो आईभोवती उभ्या असलेल्या मुलांत.

चुळबुळ करणारं मूल रंगवायचं कसं?

पूर्ण आकृतीसाठी मुलाला बसवतच नसत. डोक्याचा अभ्यास वेगळा, छोट्या कॅनव्हासवर, एक-दोन बैठकांत. कापड लाकडी सांध्यांच्या बाहुल्यावर चढवून दिवसेंदिवस रंगवायचं. हातपाय साच्यांवरून किंवा दुसऱ्या मुलावरून. नेपल्सचा राजा फर्डिनांड चौथा याच्या कुटुंबाचं अवाढव्य चित्र काउफमन यांनी असंच केलं: चेहऱ्यांचे अभ्यास नेपल्समध्ये, मोठा कॅनव्हास रोमच्या स्टुडिओत. ही रीत फसते ती मानेपाशी. डोक्यावर उजेड एका बाजूने आणि खांद्यावर दुसऱ्या बाजूने, किंवा मान वळलीय पण गळ्याची शीर वळलेली नाही, असं दिसलं की सांधा तिथेच आहे असं समजावं.

चेहरे खरंच त्या मुलांसारखे होते का?

बऱ्यापैकी, पण गोड करून. १७८७ मध्ये त्यांनी जर्मन कवी गोएथेचं चित्र केलं तेव्हा त्यानेच तक्रार केली होती, की पोरगा देखणा आहे खरा, पण त्यात माझा मागमूस नाही. लांब सरळ नाक, छोटी जिवणी, किंचित कललेली मान हा त्यांचा साचा होता. साच्याबाहेरचं काही दिसलं, म्हणजे पुढे आलेले कान, जाड भुवया, दोन डोळ्यांतला फरक, तर ते समोर बसलेल्या मुलाकडून आलंय असं धरायला हरकत नाही.

व्हिजे ल ब्रँ आणि काउफमन यांत फरक काय?

काउफमन रेषेने आणि मूर्तीने विचार करतात, व्हिजे ल ब्रँ त्वचेने. दुसरीची मुलं गरम वाटतात, पहिलीची संगमरवराच्या जवळ जातात. प्राचीन वेश दोघींना प्रिय, पण तो सगळीकडे खपत नसे. १७९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला व्हिजे ल ब्रँ यांनी सम्राज्ञी कॅथरिनच्या नाती, अलेक्झांड्रा आणि येलेना, ग्रीक धाटणीच्या झग्यांत रंगवल्या. उघडे दंड पाहून सम्राज्ञी नाराज झाल्याचं कानावर आलं, आणि बाईंनी घाईने कपडे बदलून लांब बाह्या चढवल्या. चित्र सुधारलं नाही, बिघडलं, असं त्यांचं स्वतःचंही मत होतं.

घरात काउफमन यांच्या नावाचं छापील चित्र आहे. ते जुनं आहे का?

शक्य आहे. त्यांच्या चित्रांचे छाप हजारोंनी निघाले. विल्यम विन रायलंड आणि फ्रांचेस्को बार्तोलोत्झी हे त्यांतले प्रमुख खोदकार. (रायलंडला १७८३ मध्ये लंडनच्या टायबर्न या वधस्थळी फाशी झाली, ईस्ट इंडिया कंपनीच्या हुंडीच्या बनावट कागदांपायी. तांब्यावर इतकी नाजूक सही करणारा हात दुसरीकडेही चालला.)

तंत्र ठिपक्यांचं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने ठिपके टोचायचे, आम्लात बुडवून ते खायला लावायचे, मग थर काढून वाकड्या टोकाच्या छिन्नीने गालाच्या छटा गडद करायच्या. मुलांच्या मऊ कातडीला हे तंत्र इतकं शोभलं की गोल चौकटीतल्या बालदेवांची लाटच आली.

तपासायचं असं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खरे ठिपके लहान-मोठे, अनियमित, चेहऱ्यावर दाट आणि पार्श्वभूमीत रेषांसारखे ओळीत असतात. सारख्या अंतरावरचे निळे-गुलाबी-पिवळे ठिपके फुलासारखे जुळलेले दिसले तर ती विसाव्या शतकातली ऑफसेट छपाई. कागदाच्या कडेजवळ पत्र्याच्या दाबाची खोलगट चौकट हवी, पण अनेक छाप गोल कापून फ्रेम केलेले असतात, त्यामुळे ती नसली म्हणून लगेच नकली ठरवू नका. कागद उजेडासमोर धरा: जलचिन्हात १७९४ किंवा नंतरचं साल दिसलं आणि खाली छापलेली प्रकाशनाची तारीख १७८० च्या आसपासची असेल, तर तो जुन्याच पत्र्यावरून नंतर काढलेला छाप आहे. ठिपके उथळ असल्याने पत्रा लवकर झिजतो, उशिराच्या छापात गाल राखाडी आणि सपाट होतात. रंगीत छापात सगळे रंग एकाच पत्र्यावर चिंध्यांच्या छोट्या बोळ्यांनी लावून एकदमच छापत, म्हणून रंगांच्या कडा एकमेकांत मिसळतात.

खालच्या ओळीत ‘पिंक्सिट’ च्या आधीचं नाव चित्रकाराचं, ‘स्कल्प्सिट’ च्या आधीचं खोदकाराचं. आणखी एक: छापात चित्र उलटं पडतं. क्युपिडने धनुष्य भलत्याच हाती धरलं असेल तर चित्रकार चुकली नाही, पत्रा उलटला.

बशीवर ‘काउफमन’ अशी सही आहे. ती त्यांनी रंगवली का?

नाही. चिनी मातीवरचं काम त्यांनी केलंच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी-ऑस्ट्रियातल्या कारखान्यांनी त्यांच्या छापांवरून बशा, कपबशा, डबे काढले आणि चित्रातच सही छापली. मुंबईच्या चोरबाजारात किंवा परदेशातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात अशी बशी सापडली तर आवडली म्हणून घ्यावी, सहीचे पैसे देऊ नयेत. लंडनमधल्या जुन्या घरांच्या छतांवरची ‘काउफमन’ गोल चित्रंही बहुतेक झुक्की किंवा चिप्रियानी, रेबेका या त्या काळच्या इतर चित्रकारांची, नाहीतर छापांवरून केलेल्या नकला आहेत. त्यांनी खात्रीने केलेली छतचित्रं म्हणजे रॉयल अकादमीसाठीची चार, आता बर्लिंग्टन हाउसच्या प्रवेशदालनात.

तैलचित्र अस्सल आहे का, हे रंगांवरून कळतं का?

अस्सल आहे हे रंगांवरून सिद्ध होत नाही, नसल्याचं होऊ शकतं. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता, त्यामुळे तो चालेल. कोबाल्ट निळा १८०२ नंतरचा, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ नंतरचं, टायटेनियम पांढरा विसाव्या शतकातला. १७८० च्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रात हे मूळ थरात निघाले तर गोष्ट संपली. वरवर निघाले तर नंतरची डागडुजी असेल. पिवळ्या पडलेल्या वार्निशाने निळं कापड हिरवट दिसतं आणि ‘लेक’ म्हणतात ते पारदर्शक तांबडे रंग उडाल्याने गाल पांढरे पडतात, हे दोन्ही धरूनच रंगसंगतीवर मत द्यावं. १७८१ नंतरच्या कामांसाठी झुक्की यांनी ठेवलेली चोपडी आहे: चित्र कोणासाठी, विषय काय, मोबदला किती. तिचं हस्तलिखित रॉयल अकादमीकडे आहे.

आज आपल्या मुलाचं असं चित्र काढायचं असेल तर?

६० × ७५ सेंमी कॅनव्हास पुरे, जवळजवळ त्या काळच्या इंग्रजी ३० × २५ इंचांच्या मापाइतका. फोटो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या, वरून घेतलात तर डोकं मोठं येतं. उजेड डाव्या खिडकीतून, एकच. पाच-सहा वर्षांचं मूल साधारण साडेपाच ते सहा डोकी उंच असतं. प्रौढांचं साडेसात डोक्यांचं माप सवयीने लागलं की बुटका माणूस तयार होतो. पंख खांद्याच्या फऱ्यापासून निघाले पाहिजेत, मानेपासून नाही. त्यांची सावली पाठीवर पाडली नाही तर ते चिकटवल्यासारखे दिसतात.

आधी बर्न्ट अंबर आणि पांढऱ्यात टर्पेंटाइनने पातळ केलेला छायाप्रकाशाचा थर. दुसऱ्या थराला जवसाचं तेल एक भाग, टर्पेंटाइन दोन भाग. तिसऱ्याला निम्मं-निम्मं. तेल खालच्या थरात जास्त झालं तर वरचा थर तडकतो. कातडीला पांढरा, येलो ऑकर आणि थोडा कॅडमियम लाल. भारतीय वर्णासाठी पांढरा कमी करून बर्न्ट सिएना वाढवा, नाहीतर चेहऱ्यावर पावडर थापल्यासारखं होतं. शिशाचा पांढरा विषारी आहे, घरात नको. वार्निश सहा महिने ते वर्षाने, आणि पावसाळ्यात नाहीच. हसू काढू नका. दात दाखवणारा क्युपिड शाळेच्या स्नेहसंमेलनातला वाटतो.

जुना छाप कोकण-मुंबईच्या हवेत कसा जपायचा?

बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. आम्लविरहित पुठ्ठ्याची खिडकी कापून कागद आणि काच यांत अंतर ठेवा. काचेला चिकटलेला छाप सोडवताना ठिपके काचेवर राहतात. सेलोटेप कधीच नाही. गव्हाच्या खळीने लावलेल्या जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, फक्त वरच्या कडेला. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, उजेड ५० लक्सच्या आसपास. तपकिरी ठिपके उठले तर घरी ब्लीच लावू नका, कागद ठिसूळ होतो. कागदाच्या संवर्धकाकडे द्या. कसर लागलीय का ते पाहायला दर पावसाळ्यानंतर फ्रेम मागून उघडून बघावी.